तारे द्या, चहा घ्या

नळदुर्ग,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

चि. शिवप्रिया हिस अप्पाचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे. थंडीनं अव्वाचा गुडघा धरलाय, पण ती चालती-फिरती आहे. तुझी खुशाली मी विचारत नाही. का विचारत नाही ते खाली येईल, तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे फोनवर बोलायचं नाही. शिवाय सोबत एक वही पाठवतोय, ती फोनमधून जात नाही.

आधी एक हिशेब सांगतो. तू ज्याच्यावर लिहिलंस तो ‘इथं गाडी थांबत नाही’ खेळ मी विकत घेतला. खेळातला पहिला दिवस फुकट, पुढच्या सहा दिवसांचे तीनशे एकोणपन्नास रुपये. हा दुकानातला भाव झाला. पण टॅबवर खेळायला बसलो तर बारीक अक्षर दिसेना, म्हणून चष्म्याची काच बदलली. तेवढ्यात इकडं कढईभर दाल करपली. ढाब्याच्या गल्ल्यावर बलभीमला बसवलं, तर त्यानं हैदराबादच्या पार्टीला सहा थाळ्यांचं बिल चारच लावलं आणि वर मलाच ऐकवलं, “मालक, तुम्ही आगगाडी बघत होता, मी माणसं बघत होतो. माणसं लई होती.” सगळं धरून तो खेळ मला अडीच हजारांच्या पुढं गेला. एक रक्कम यात अजून धरलेली नाही.

तुला वाटेल, अप्पाला हे कुठून कळलं. तुझं ते सदर मला अव्वाच्या भावानं, तुझ्या गौरीशंकर मामानं दाखवलं. लोहाऱ्याला त्याच्या दुकानात बसलो होतो. फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, “दाजी, बँकेत हेच काम असतंय का?” वर ‘कोपऱ्यातले खेळ’ असं लिहिलेलं, बाजूला तुझा फोटो, आणि खाली एका शेळीच्या खेळाची हकिगत. शेळीनं गावातली निवडणुकीची सगळी पोस्टरं मतदानाच्या आत खाऊन संपवायची. मी तिथं तोंड वाकडं केलं. घरी येऊन मात्र दोनदा वाचलं, आणि अव्वाला वाचून दाखवताना हसू आवरेना.

मग सवय लागली. दुपारी अडीच ते चार गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा मी वाचायचो आणि अव्वा ऐकायची. एका खेळात धुतलेल्या कपड्यांच्या नुसत्या घड्या घालायच्या, आणि कपड्यांवरून त्या घरात काय काय झालं ते ओळखायचं. त्या खेळावर अव्वा म्हणाली, “यात खेळ कुठला? मी रोज ओळखते.” बातम्याही वाचायचो. अमक्या मोठ्या कंपनीनं चारशे माणसं काढली, तमक्या दोघी बहिणींनी घरात बसून केलेला खेळ लाखांनी खपला. सोलापूरचा कांद्याचा भाव बघावा तसं मी ते बघायला लागलो. तू छान लिहितेस. जोरात बोलत नाहीस, पण माणूस थांबून ऐकतो. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. उलट नात्यातल्या एका साखरपुड्यात चारचौघांत “पोरगी पुण्यात बँकेत ऑफिसर आहे” असं ठोकून दिलं. तू तिथंच “मी खेळांबद्दल लिहिते” म्हणालीस, तर गाडीत बसल्यावर मी म्हटलं, लोकांची लेकरं मोठी झाली की खेळ सोडतात, आमच्या लेकीनं धरला. चौदा महिने झाले त्याला, आणि तितकेच तुझ्या अबोल्याला.

तर तो स्टेशनाचा खेळ. तू लिहिलं होतंस तसाच आहे. माळावरचं बारकं स्टेशन, एकटा मास्तर, आणि डोळ्यांपेक्षा कानाचं काम जास्त. गाडी कुठून येते ते आवाजावरून ओळखायचं आणि त्या बाजूला जाऊन हिरवा बावटा धरायचा. आता माझा कान तुला माहीत आहे. हायवेवरचा ट्रक ब्रेक लावायच्या आधी मी सांगतो, हा वळणार का जाणार. पहिल्या दिवशी एक गाडी चुकली नाही. मी सातही दिवस पुरे केले, शिवप्रिया, या वयात. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर पाऊस येतो, तो आधी बारीक आणि मग एकदम ओतल्यासारखा. पाचव्या दिवशी कुठंतरी कापड फडफडत राहतं. सातव्या दिवशी गाडीचा आवाज हळू हळू बारीक होत जातो, ब्रेक लागतो, लोखंडी दार उघडतं, आणि मग खडीवर पावलं. मी बलभीमला म्हटलंसुद्धा, माझ्या वयाच्या माणसानं असला खेळ शेवटाला नेलेला जिल्ह्यात दाखव.

तू शेवटी लिहिलं होतंस की हा खेळ परदेशातल्या एका बाईनं चार वर्षं एकटीनं खपून केलाय, आणि त्याला अजून तीस माणसांनीही तारे दिलेले नाहीत. असे खेळ वाईट असतात म्हणून मरत नाहीत, कुणी थांबत नाही म्हणून मरतात. हे वाक्य मी परत परत वाचलं, कारण हा माझा धंदा आहे.

ढाबा मी कसा उभा केला ते तुला कधी सांगितलं नाही. तू जन्मायच्या आधीची गोष्ट आहे. चार खाटा, एक चूल, अव्वाच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगांची चटणी, आणि दिवसभरात दोन गिऱ्हाइकं. समोरून शेकडो गाड्या जायच्या. मग डोक्यात आलं की ड्रायव्हर पाटी वाचत नाही. तो उभे ट्रक बघतो. जिथं ट्रक उभे, तिथलं जेवण चांगलं. मी बिदरच्या दोघा ड्रायव्हरांना म्हटलं, रोज दोन तास गाडी माझ्या दारात लावा, जेवण फुकट. आठ दिवसांत तिसरा ट्रक आपणहून वळला. त्यावर हे सगळं उभं राहिलं, तुझं पुण्याचं कॉलेजसुद्धा.

तेव्हा तीस तारे नाहीत हे वाचल्यावर मी काय केलं असेल ते तुला आता कळलं असेल.

दिवाळीच्या तोंडावर मी दारात बोर्ड लावला. ‘तारे द्या, चहा घ्या.’ मराठीत, हिंदीत, आणि कानडी ओळ अव्वानं लिहिली. लिहिता लिहिता ती म्हणाली, “तिला विचारलं का?” मी म्हटलं, “चांगल्या कामाला विचारायचं काय?” ती म्हणाली, “साकु री.” म्हणजे पुरे करा आता. मी ऐकलं नाही.

सणात घरी न पोचलेले ड्रायव्हर होते, त्यांना वेळच वेळ. ढाब्याचं वायफाय होतं. खेळ घ्यायचा, पाच तारे द्यायचे, चार शब्द लिहायचे, बलभीमला फोन दाखवायचा आणि आल्याचा चहा घ्यायचा. एकानं दोनदा चहा घेऊ नये म्हणून बलभीम वहीत गाडी नंबर लिहायचा. नऊ दिवसांत दोनशे बारा नंबर झाले. एक तेलंगणाचा ड्रायव्हर म्हणाला, “ये कैसा टेसन है सेठ, न गाडी रुकती न चाय मिलती.” मी म्हटलं, “चाय इधर है, तू तारे दे.” मोठा माणूस झाल्यासारखं वाटत होतं मला. त्या परदेशातल्या बाईला काय आनंद होत असेल, आणि तुला काय वाटत असेल, की आपण लिहिलं आणि माणसं थांबली.

त्यांनी काय लिहिलं ते मी तेव्हा बघितलं नाही. नंतर बघितलं. ‘खाना अच्छा है.’ ‘रोटी गरम, टेसन बढिया.’ एकानं पाच तारे देऊन ‘दही खट्टा था’ लिहिलं होतं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इंटरनेटवरच्या ज्या दुकानात तो खेळ होता, त्यांनी सगळे तारे पुसले. खोटे पुसले तसे आधीचे खरे अठ्ठावीसही पुसले, आणि खेळ यादीतून काढून ठेवला. कुठल्या तरी बातमीत आलं की मराठीतल्या एका लिहिणारीनं पैसे घेऊन हे करवलं, कारण लेख आला आणि चार दिवसांत तिच्याच जिल्ह्यातून तारे सुरू झाले. तुझ्या सदराच्या जागी आता ‘चौकशी होईपर्यंत स्थगित’ असं येतं.

तू अव्वाला फोन केलास तेव्हा मी पलीकडं कांदे निवडत होतो. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण मला ऐकू येतं. तू म्हणालीस, “अव्वा, कुणीतरी माझं नाव घालवलंय. संपादकबाई म्हणतात, सिद्ध कर. मी काय सिद्ध करू?” मग तू रडलीस. लहानपणी तू रडताना आवाज करायची नाहीस, श्वास तेवढा तुटायचा. तसंच ऐकू आलं. अव्वानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. बाहेर गेली आणि बोर्ड उतरवून आणला.

हे होऊन अठरा दिवस झाले. अठरा दिवस मी गल्ल्यावर बसलो, गिऱ्हाइकांशी हसलो, आणि तुला सांगितलं नाही. आधी वाटलं, मिटेल आपोआप. मग वाटलं, सांगितलं तर पोरगी चौदा महिन्यांची चौदा वर्षं करेल. अव्वा रोज ताट वाढताना एकच विचारायची, “लिहिलं?” मी म्हणायचो, “उद्या.” परवा तिनं विचारलंच नाही. त्याची जास्त भीती वाटली.

तर ते मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. तू एक पैसा घेतला नाहीस, तुला ठाऊकही नव्हतं. धरायची राहिलेली रक्कम ती ही, तुझं नाव. ते कमवायला तुला सहा वर्षं लागली, आणि मी ते चहावर उडवलं.

सोबत बलभीमची वही आहे. त्यात दोनशे बारा गाडी नंबर आहेत, तारखेसह. बोर्डाचा फोटो आहे. तुझ्या संपादकबाईंसाठी वेगळ्या कागदावर सही करून लिहून दिलंय, माझं पूर्ण नाव, ढाब्याचं नाव, फोन नंबर. त्यांनी केव्हाही फोन करावा, मी उचलीन. त्या परदेशातल्या बाईसाठीही एक पान आहे, ते तू तिच्या भाषेत करून पाठव. तिची मी अब्रू घालवली आणि वर तिला वाटत असेल, भारतातले लोक तिला हसतात. वाटलं तर हे सगळं छाप. ‘माझ्या बापानं केलं’ असंच छाप. मला काही वाटणार नाही असं म्हणत नाही, वाटेल. तरी छाप.

काल लोहाऱ्याला जाऊन आलो. गौरीशंकरच्या दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोरच सांगितलं, “पोरगी बँकेत नाही. ती खेळांवर लिहिते, आणि तिचं काम माझ्यामुळं थांबलंय.” तो म्हणाला, “बसा दाजी, चहा घ्या.” मी म्हटलं, “चहा नको.” परत येताना जीपमध्ये डोळा लागला, नळदुर्ग आलेलं कळलं नाही. ड्रायव्हरनं हलवून उठवलं. हल्ली थकवा फार येतो.

तू माफ कर असं लिहिणार नाही. काम परत सुरू झालं तर एवढंच अव्वाला कळव.

आता खरं लिहायला बसलोच आहे तर एक राहतं. वर मी सात दिवसांचं लिहिलं, ते खोटं आहे. दुसऱ्या दिवशी त्या स्टेशनावरून अकरा गाड्या न थांबता जातात. मी ढाबेवाला माणूस. सातवी गेली तेव्हाच मला बसवेना. अकरावी गेल्यावर टॅब अव्वाच्या हातात दिला. पुढचे पाच दिवस ती खेळली, आणि मी भिंतीच्या अलीकडं बसून ऐकले. शेवटी जी पावलं वाजतात ती गाडीतून उतरणाऱ्याची का चढून जाणाऱ्याची, मला माहीत नाही.

तुझा अप्पा,
शांतलिंग