शनिवारी घाणा बंद

३ नोव्हेंबर, सोमवार

बंगळुरूचं उत्तर आलं!! चक्क उत्तर. आजवर पाठवलेले सगळे मेल विहिरीत पडले होते. ही तन्वी नावाची बाई लिहिते, तुमच्या गेममधला घाण्याचा बैल आमच्या अख्ख्या ऑफिसला आवडला, पुढच्या बुधवारी कॉलवर बोलू. यांची कंपनी छोट्या गेम्सना पैसे पुरवते आणि जगभर पोचवते. होकार नाही हा. पण नकारही नाही!

प्रथमेशला फोन केला तर तो सुकापूरच्या रिक्षा स्टँडवर, तिथेच ओरडला. "काय सांगतेस! नाय, परत वाच." परत वाचला. अजून एकदा वाचला.

प्रथमेश (यापुढे प्र., रोज एवढं मोठं नाव कोण लिहिणार) कोड लिहितो, मी चित्रं काढते आणि बाकीची हमाली. जुन्या कंपनीतून दोघांना एकाच दिवशी नारळ मिळाला, तेव्हापासून आमच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं टाकून बसलोय. आम्ही स्टुडिओ म्हणतो, आई कारखाना म्हणते.

एकच खुटखुट. पुण्याच्या एका कंपनीने प्र.ला नोकरी देऊ केलीय, बँकांचं सॉफ्टवेअर. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तो गेला तर गेम संपला, मला कोड नुसता वाचता येतो, तोही अडखळत. तेव्हा बंगळुरू आधी की पुणे आधी, एवढाच प्रश्न. आज तरी बंगळुरू पुढे आहे!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज गेमसाठी घाण्याचा आवाज मिळवायचा दिवस. न्यू पनवेलला लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे, मालकांना विचारून फोन घेऊन गेलो. घाणा लाकडी खरा, पण मोटरवर. घरघर एवढी की करकर ऐकूच येईना. मालक म्हणाले, "बैल हवा होता तर माझ्या आजोबांच्या वेळी यायचं."

शेवटी आमच्याच बिल्डिंगचं गेट रेकॉर्ड केलं. वॉचमनकाका हौसेने उघडून-लावून देत होते, थांबायलाच तयार नाहीत. हेडफोन लावून डोळे मिटले आणि अंगावर काटा आला. हुबेहूब घाणा!

प्र.चे वडील त्याला न्यायला आले होते. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात. बैल बघून खूश झाले. जाताना जिन्यात मला हळूच, "एस्तेर, या धंद्याला पुढं काय हाय का गं? आमच्या पोर्टाचं कसं, जग हाय तवर डबे येनार."

म्हटलं, काका, जग आहे तोवर लोक खेळणार.

बोलून गेले झोकात. पण मग तेच डोक्यात. खरं आहे ना ते?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने पहिल्यांदाच नीट बसून गेम खेळला. बैल जुंपायचा, तीळ ओतायचे, गिऱ्हाइकांच्या बरण्या भरायच्या, झटक्यात शिकली. नर्सचा हात आहे शेवटी. गिऱ्हाइकांना नावं देता येतात, तर तिने आमच्या आळीतून इस्राएलला गेलेल्या एकेकाचं नाव दिलं. डॅनिअलकाका झाले उधारी मागणारं गिऱ्हाईक.

मग उठून शब्बाथचे, आमच्या शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लावायला गेली. परत आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. "हे काय? शब्बाथचे दिवे लागले आणि तुझा बैल अजून फिरतोय?"

म्हटलं, शनिवारी थांबतो ना. रात्री बारा वाजता.

"शनिवार रात्री बाराला कधीपासून लागायला लागला?"

मी गार!! ज्या गेमचा जीवच हा की शनिवारी घाणा बंद, त्यात शनिवारच चुकीचा! प्र.ने कॅलेंडर बघून बारा ते बारा घातला, त्याला काय माहीत. पण मी? जन्मापासून दर शुक्रवारी सूर्य मावळताना हे दिवे लागताना बघते आणि इतक्या महिन्यांत डोक्यात आलं नाही. आई म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं," आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्ती मोहीम. प्र. सकाळीच हजर. आता घाणा शुक्रवारी सूर्यास्ताला थांबतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसायच्या वेळेला, म्हणजे शब्बाथ सुटतो तेव्हा, सुरू होतो. खेळणारा जिथे असेल तिथल्या सूर्यास्ताप्रमाणे. प्र. खुर्चीतून उठून नाचला. "तीन तारे! अगं बाई, आदी सांगायचं ना, याच्यापेक्षा भारी काय हाय आपल्या गेममदे!"

आणि खरंच, शुक्रवारी दुपारी गेममध्ये आता काय झुंबड उडते! सगळ्यांना दिवे लागायच्या आत तेल हवं. बैल दमतो, बरण्या सांडतात, डॅनिअलकाका भांडतात. गेमला एकदम चव आली. तीही चुकीमुळे!

आई शनिवारी गॅस पेटवत नाही, कालचंच जेवण. ताटं आणून ठेवली, आमच्या दोन टेबलांकडे बघितलं. "बैलाला सुट्टी दिलीत, छान केलंत. तुम्हाला कोण देणार?"

म्हटलं, बुधवारनंतर.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॉल झाला. तन्वी मूळची नागपूरची निघाली, त्यामुळे मराठीतच, मध्ये मध्ये तिची मांजर. मी सगळं सांगितलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमचे पूर्वज इकडच्या गावांत तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. "आणि शनिवारी तुम्हालाही खेळता येत नाही. गेम उघडलात तर बैल झोपलेला दिसतो. कावळे ऐकू येतात. बस."

तन्वीने मांजर खाली ठेवली. मग, "म्हणजे खऱ्या शनिवारी?"

"खऱ्या."

"शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ? एस्तेर, लोक तेव्हाच तर खेळतात!"

मग तिने समजावून सांगितलं. अख्खा धंदा लोकांना रोज ओढून आणायला धडपडतो, एक दिवस चुकवलात तर बक्षीस हातचं जातं, आणि आम्ही मात्र आपणहून दार लावून घेतोय. एकदा गेलेला खेळाडू परत येत नाही, असं तिचं म्हणणं. वाईट नाही बोलली, काळजीनेच बोलली.

प्र. टेबलाखालून मला पाय मारत होता. मी म्हटलं, येतो की नाही ते बघू. या शनिवारच्या आत लोकांना खेळायला देतो, आकडे तुम्हीच तपासा. कुठून सुचलं देव जाणे. तन्वी म्हणाली, चालेल!

प्र. नंतर म्हणाला, "आणि परवापर्यंत लोकं कुठनं आननार?"

कल्पना नाही! पण आज झोप येणं कठीण आहे, आनंदाने.

१६ नोव्हेंबर, रविवार

कुठून सुरुवात करू.

कॉलेजचे, जुन्या कंपनीतले, प्र.चे क्रिकेटवाले, आईच्या नर्स मैत्रिणी, मिळेल त्याला गेम दिला आणि एक ग्रुप काढला. दोन दिवस सगळे तुटून पडले होते. शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबला आणि ग्रुपवर नुसत्या शिव्या. "बैलाला उठवा रे कुणीतरी." "ॲप बंद पडलंय." मी एवढंच टाकलं, उद्या आकाशात तीन तारे दिसले की सुरू. शनिवारी सकाळी ग्रुप गप्प. दुपारी गप्प. प्र. तोंड पाडून म्हणाला, "गेले सगले." मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मग अंधारून यायला लागलं तसा खांदा कॉलनीतल्या एकाने गच्चीवरून आकाशाचा फोटो टाकला. "एक दिसला." कळंबोलीतून लगेच कुणीतरी, "ते विमान आहे, येड्या." मग फोटोच फोटो. क्रिकेटवाले मैदानात माना वर करून. आईच्या मैत्रिणीने तर मुलीला गॅलरीत उभं केलं होतं. कुणीतरी "दोन!" लिहिलं, तिसऱ्यावरून भांडण, आणि घाणा सुरू झाला तसे सगळे एकदम आत! खेळणाऱ्यांच्या आकड्यांचा आलेख म्हणजे उभी भिंत. प्र.ने मला उचलून गरागरा फिरवलं, तेही आईसमोर.

परत आले! जवळजवळ सगळेच्या सगळे परत आले. लोकांना थांबायला आवडतं, फक्त थांबण्यासारखं काही हवं. या धंद्याला भविष्य आहे का, म्हणे. या गच्च्यांवर येऊन बघा म्हणावं!

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल दुसरा कॉल. काल लिहिता आलं नाही, डोकं फिरलं होतं.

तन्वीला आलेख आवडला. तिच्या वरच्यांना तर इतका आवडला की त्यांना एक कल्पना सुचली. शनिवार बंदच ठेवा, झकास आहे. पण ज्याला धीर धरवत नाही त्याने पैसे भरावेत आणि शनिवार उघडावा. एक छोटंसं बटण. 'बैलाला उठवा.'

म्हणजे शनिवार आधी बंद करायचा आणि मग विकायचा. तन्वी स्वतःच ओशाळली होती. बटण घातलं तर सही तयार. नाही घातलं तर बघू.

प्र. म्हणाला, "एक बटन हाय गं. ज्याला पायजे तो दाबंल. आपन जगू तरी." त्याचंही बरोबर आहे, घरी रोज पुण्याचं विचारतात. मी भडकले. "पैसे भरा आणि गणपती आणखी दोन दिवस ठेवा, असं बटण केलंस का कधी?"

तो शांतपणे, "आमच्या आळीत ठेवतात की. नवसाचा."

हसू आलं दोघांनाही. भांडण मात्र मिटलं नाही.

आईला सांगितलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूची. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला काय विचारतेस? दर शनिवारी तू तिथे कामाला बसतेस. ते निदान पैसे घेऊन उघडतायत, तू फुकटात उघडतेस."

लागलं. अजून लागतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार, दिवस मावळल्यावर

काल दुपारी तन्वीला कळवलं. बटण नाही.

प्र.ला विचारूनच. "तुजा गेम हाय, तू ठरव." म्हटलं, आपला आहे. "मग मी बटन घातलं असतं. पन पाठव." पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि आईबरोबर दिवे लावायला उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी. दरवेळी मी टेबलावरूनच मान वळवून बघायची.

आणि आज अख्खा दिवस काहीही केलं नाही! सकाळी अस्वस्थ, दुपारी मेल्यासारखी झोपले, संध्याकाळी आई आणि मी वडाळे तलावावर. चालता चालता गेमसाठी इतक्या कल्पना सुचत होत्या की मी बडबडतच सुटले. आई म्हणाली, "विचार करणं पण कामच असतं."

"मग तूच सांग, ते कसं बंद करू?"

खूप मजा आली. घाबरलेही आहे, पण मजा आली हे खरं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तन्वीचा मेल. वरच्यांशी बोलणं सुरू आहे, डिसेंबरात कळवते. ना हो, ना नाही. तिने स्वतः मात्र गेम अजून फोनवर ठेवलाय म्हणे.

प्र.ने पुण्याला होकार दिला. फोनवर सांगितलं, आणि होता कुठे तर आमच्याच जिन्यात. वर यायचा धीर होत नव्हता त्याला. म्हटलं, ये वर, चहा घे. आला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा मी स्वयंपाकघरात पळाले.

त्याचं चुकलं नाही. माझंही चुकलं नाही. मग इतकं वाईट का वाटतंय? दिवे लावायची वेळ झाली. इथेच थांबते.

३० नोव्हेंबर, रविवार

प्र. दुपारी आला, बॅग घेऊनच. संध्याकाळी कळंबोलीहून पुण्याची बस.

मी निरोपाची तयारी करून बसले होते, तर हा दारातूनच, "गेम सोडत नाय हां मी! तिकडं शनिवार-रविवार सुट्टी हाय. पूर्ण दोन दिवस. दर शुक्रवारी रात्री घरी येनार."

दोन दिवस! अख्खे! मी टाळी द्यायला हात पुढे केला आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

तो लगेच म्हणाला, "तू नको बसू. शनिवारी मी एकटा करीन घरून. मी आगरी हाय, मला कोन विचारतो?"

किती सोपं होतं. हो म्हणायचं, बस. गेम दुप्पट वेगाने झाला असता. दोनदा तोंड उघडलं.

म्हटलं, नको. घाणा बंद तर कारखाना पण बंद.

"म्हंजे आठवड्याला एकच दिवस. एस्तेर, वर्षं जातील."

"जातील."

"तवर बंगळुरूवाले थांबतील?"

"माहीत नाही."

"आनि आपन?"

मला नाचावंसं वाटत होतं, कारण तो 'आपण' म्हणाला होता. तेवढ्यात आई बोलली आतून. "आमचा आठवडा रविवारीच सुरू होतो रे, प्रथमेश."

त्याने बॅग पायाने टेबलाखाली सरकवली. "साडेसहाची बस हाय. तवर तो बरणी हवेत तरंगते तो बग काढू."

बसलो. बग काही निघालेला नाही, उलट आता बैलही तरंगायला लागलाय, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसतोय. साडेसहाची गेली. आठची पकडतो म्हणतोय.