ताई, तुम्ही माझ्या बोटीवर आहात

ती. ताईंना,

नमस्कार. (मायन्यात 'तीर्थरूप' लिहिण्याचा हक्क कोर्टाच्या निकालानंतर मला उरला की गेला, हे वकिलांना विचारायचं राहिलं. 'नणंद'च्या आधी 'माजी' लावून पाहिलं, तर एखाद्या नगराध्यक्षाला अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं. वर जी खाडाखोड दिसतेय ती त्याची.) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? डोळ्याला जपा, लगेच विणायला बसू नका. माझं ठीक आहे. दातांच्या लॅबमध्ये काम भरपूर आहे, रोज पाच-सहा कवळ्या माझ्या हाताखालून जातात. दिवसभर टेबलावरच्या बत्तिश्या माझ्याकडे बघून हसत असतात, बोलत मात्र एकही नाही.

पत्राचं कारण म्हणजे बोट. तुमच्या भावाने नेण्यासारखं सगळं नेलं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये साडेचौदा फुटांची बोट नेता येईना, म्हणून ती माझ्याकडे राहिली. ट्रेलरवर बसून वर्षभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. मी भांडी घासायची आणि तिने बघायचं, असं आमचं चाललं होतं. शेवटी विकायला काढली. एक गृहस्थ आले, सगळीकडे बोटाने टकटक करून म्हणाले, "हल्लीच पाण्यात घातली होतीत का?" आता खोटं कशाला बोला (त्या वेळी माझी खोटं न बोलण्याची सवय शाबूत होती), म्हणून गाडीला ट्रेलर जोडला आणि तलावावर घेऊन गेले.

ताई, ट्रेलर मागे घेणं ही काय चीज आहे, तुम्हाला कल्पना नाही. चाक डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. इतकी वर्षं गाडी तुमचा भाऊ मागे घ्यायचा आणि मी उतारावर उभी राहून हात हलवत "अजून, अजून, बास" म्हणायची. त्या दिवशी गाडीत मी होते, त्यामुळे 'बास' म्हणायला मागे कोणी नव्हतं. बोट अगदी व्यवस्थित पाण्यात उतरली, तिच्यामागून गाडीही उतरली. पाणी दारापर्यंत आल्यावर ते गृहस्थ "घरी विचारून कळवतो" म्हणून निघून गेले.

तलावावर शिडाच्या बोटींचा क्लब आहे, त्याच्या चार-पाच जणांनी दोर लावून गाडी ओढून काढली. त्यांचे सेक्रेटरी कुलपं दुरुस्त करतात, म्हणजे अडकलेली वस्तू सोडवणं हा त्यांचा धंदाच. हसले नाहीत, ओरडले नाहीत. पँट पिळत म्हणाले, "रविवारी शर्यतीला आहात ना?" ताई, रविवारी मी कुठे असणार हे कित्येक महिन्यांत कोणी मला विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणून बसले.

त्यांनी फॉर्म दिला. आपली बोट दोघांची. एकाने सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचं, दुसऱ्याने पुढचं छोटं शीड. म्हणून फॉर्मवर दोन नावांच्या जागा. पहिल्या जागी माझं नाव लिहिलं, दुसऱ्या जागेवर पेन अडलं. मागे दोन माणसं खोळंबली होती. ऑफिसच्या प्रत्येक कागदावर 'अडीअडचणीला कोणाला कळवावे' या ओळीत गेली वीस वर्षं मी तुमचंच नाव लिहीत आलेय (तुमचा भाऊ फोन उचलत नाही म्हणून). हाताने तेच लिहिलं. मला दोष द्यायचा असेल तर निम्मा हाताला द्या.

रविवारी सेक्रेटरींनी विचारलं, "तुमच्या ताई कुठायत?" मी म्हटलं, सर्दी झालीय. पुढच्या रविवारी सर्दी पुरेना, म्हणून तुमचा गुडघा दुखायला लावला. तेव्हापासून तो बरा झालेला नाही, क्षमा करा.

नोंदवलेलं माणूस आजारी असलं की क्लब बदली माणूस देतो. मला मिळाले चष्म्याच्या दुकानाचे मालक. माणूस सज्जन, पण शीड ओढ म्हटलं की आधी ते कुठल्या दोरीने ओढायचं यावर चर्चा करतात. तिसऱ्या शर्यतीत मी ओरडले, "वळतेय, डोकं खाली!" ते म्हणाले, "का?" आणि बघायला उठून उभे राहिले. शिडाखालची आडवी काठी आली आणि त्यांना घेऊन गेली. मी घाबरून सुकाणू सोडलं, तशी बोट म्हशीसारखी निवांतपणे कुशीवर झाली. त्यांचा स्वतःचा चष्मा तळाला गेला. तशाही स्थितीत त्यांनी पोहत जाऊन शर्यतीच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या एका नारिंगी बोयाला मिठी मारली आणि "घाबरू नका बाई, मी आहे!" म्हणून त्याला धीर दिला. मी बोटीच्या दुसऱ्या बाजूला लोंबकळत होते. वर्षभरात इतकी हसले नव्हते, दोनदा पाणी गिळलं.

सातांत सातवे आलो. नंतर क्लबच्या खोलीत टॉवेल गुंडाळून चहा पीत बसलो, तर एकेक जण येऊन विचारतोय, "ताईंचा गुडघा कसा आहे?" सेक्रेटरींच्या बायकोने लावायला मलम दिलं. मी सांगत सुटले, जिना चढता येतो, उतरताना त्रास होतो, ऐकत नाहीत, सारख्या उठतात. परवा औषधाच्या दुकानात गुडघ्याच्या पट्ट्याचा साइज सांगायला लागले तेव्हा मात्र मीच दचकले. (साइज मध्यम सांगितला.)

तुम्ही माझ्याकडेच राहता असं मी कधीच म्हटलं नाही. त्यांनी तसं धरलं आणि मी धरू दिलं. निघताना म्हणतात, "घरी गेल्यावर ताईंना सांगा हं, आज सहावा नंबर आला." मी "सांगते" म्हणते. घरी येते, ओले कपडे दोरीवर टाकते, आणि शब्द दिलाय म्हणून स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने सांगते, "ताई, सहावे आलो." मग गॅस पेटवते.

तर असं. बोट सुस्थितीत आहे एवढंच कळवायचं होतं. भावाला सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर राहू दे.

तुमची,
(इथे काय लिहावं ते सुचेना)

ता. क. सोबत एक कार्ड आहे. 'लवकर बऱ्या व्हा'खाली क्लबच्या एकोणीस जणांच्या सह्या आहेत. विसावी सही चष्मेवाल्यांची, ती टेबलावर झाली.

ता. क. २. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोसमातली शेवटची शर्यत आहे. तिला फॉर्मवरचीच जोडी लागते, बदली चालत नाही. काम अवघड नाही. मी ओढा म्हटलं की ओढायचं, वाका म्हटलं की वाकायचं. आलात तर धक्क्यावर जरा लंगडा. डावा पाय. एकदोनदा मी उजवा म्हणाले होते, पण माणसं भली आहेत, कोणी विचारणार नाही.

ता. क. ३. यायचं नसेल तर संकोच करू नका. तुम्ही शेवटी त्याच्या बहीण आहात. सेक्रेटरींना खरं काय ते मी स्वतः सांगेन. तुमची तब्येत याहून बिघडवण्याचा माझा विचार नाही.

ता. क. ४. मागच्या वर्षी त्याचं सामान न्यायला आलात, तेव्हा टेम्पो सुरू झाल्यावर दारात वळून "येते गं" म्हणालात. तोंडातून सवयीने गेलं असेल, मला कळतं. पण म्हणालात.