सुदानचे राजे आणि माझी उत्तरपत्रिका

बाबा, आज वर्गात पुन्हा तोच धडा आला, प्राचीन संस्कृतींचा. आता मीच इतिहास शिकवते, राऊ गावातल्या एका शाळेत. इजिप्तला दोन पानं आहेत. बाकी आख्ख्या आफ्रिकेला एक ओळ, तीही गुलामांच्या व्यापाराची. पुस्तकं कितीदा बदलली, ती ओळ मात्र ठाण मांडून बसली आहे.

तुमची कापडमिल बंद झाली त्या वर्षी तुम्ही राजवाड्याजवळच्या रद्दीच्या दुकानात बसायला लागलात. कापड तपासणारा माणूस रद्दी तोलतोय म्हणून आई धुसफुसायची. तुम्हाला मात्र तिथे एक फाटकं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचात आणि मी पोळ्या लाटत असले तरी उठून ओट्याशी यायचात. "बेटा, देख तर! सुदानमध्ये इजिप्तपेक्षा जास्ती पिरॅमिड आहेत. तिथल्या राजांनी इजिप्तवर राज केलंय! आणि ह्या झिम्बाब्वेतल्या जुन्या शहराच्या भिंती बघ. ना चुना, ना सिमेंट, नुसता दगडावर दगड. तुमच्या कोर्समध्ये का नाही गं हे?" जसं काही कोर्स मीच ठरवला होता! मला हसू यायचं आणि तुमचा हेवाही वाटायचा. घरात वरणातलं पाणी वाढत चाललं होतं आणि तुम्हाला राजे सापडत होते.

इतिहासाच्या सहामाहीत मी ते राजे चार ओळींत लिहिले. पेपर परत मिळाले त्या दिवशी तुम्ही दारातच विचारलंत, "लिहिलंस ना?" मी म्हणाले, "लिहिलं, पण सरांनी रेघ मारून काटलं."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत ते पुस्तक घेऊन तुम्ही आमच्या वर्गाच्या दारात उभे. "सरजी, तुम्ही काटलं, पण पोरीनं खोटं नाही लिहिलं. हे बघा, छापलेलं आहे."

सरांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "भाऊसाहेब, कोर्सचं बोला. मिल बंद आहे तर टाइमपासला शाळाच सापडली का?" वर्ग खो खो हसला. सरांनी माझ्याकडून पेपर मागून घेतला आणि तुमच्यापुढे टाकला. "दाखवा, मी कुठे काटलंय?"

तुम्ही पेपर उचलून त्या चार ओळींवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "माफ करा सर, माझीच समजण्यात गलती झाली." घरी आल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि जेवायला बसलात. त्या राजांचं नाव पुन्हा काढलं नाहीत.

आज मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर सुदानचा नकाशा काढला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" "माझ्या वडिलांनी," एवढंच म्हणता आलं. म्हणून हे लिहायला बसले. लिहून वहीतच ठेवणार आहे.

बाबा, सर लाल शाईनं तपासायचे. त्या चार ओळींवरची रेघ निळी होती. मार्क जातील म्हणून भिऊन परीक्षेत मीच मारलेली. तुम्हाला ती दिसली, आणि तुम्हाला दिसली हे मलाही दिसलं. त्यानंतर तुम्ही चौदा वर्षं होतात. मी एकदाही माफी मागितली नाही.