रविवारी पाण्यावर जाऊ नकोस

प्रिय संगमेश,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद काढला. आधी वाटलं, सोयाबीनची आवक सुरू आहे, गंजगोलाईच्या बाजारात मान वर करायला सवड नसेल. पण काल दुकानाच्या नंबरवर लावला. तुझ्या मुनीम राजशेखरनं उचलला, तुला हाक मारली, आणि मागून तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, “मालक बाहेर गेलेत म्हणून सांग त्या मास्तरला.” बिचाऱ्यानं तसंच सांगितलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू मला वसुलीवाल्याच्या रांगेत कधी बसवलं नव्हतंस. असो. राग आलाच, खोटं कशाला बोलू?

राजशेखरच्या तोंडून मात्र आणखी एक गोष्ट निसटली. “मालक रविवारी एकलेच पाण्यावर चाललेत, पेंड बारीक करून ठेवायला सांगितली,” म्हणाला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज वर्गात एकच समीकरण दोनदा चुकवलं आणि पोरं हसली. संग्या, ह्या डोळ्यांनी तू लातूरहून लिंबोटीपर्यंत गाडी नेणार? आणि तिथं धरणाच्या दगडांवरून पाण्यात उतरणार? तुला धरायला सोबत कोण आहे?

तुमच्या घरातला ‘पाण्यावर’ हा शब्द मला फार आवडतो. मासा म्हणायचं नाही, गळ म्हणायचं नाही. “हे पाण्यावर गेलेत,” एवढंच सुकन्या वहिनी शेजारणींना सांगतात. सोवळ्याओवळ्यात वाढलेला मी नांदेडचा मास्तर आणि गळ्यात लिंग असलेला तू, जन्मात अंड्याला शिवलो नाही, आणि सुट्टी मिळाली की निघालो गळ घेऊन. मालविका तर बायकोच्या हक्कानं मला तोंडावर म्हणते, खायचे नाहीत तर त्या मुक्या जिवांना बाहेर काढून नमस्कार करायला जाता का? लिंबोटीचे लोकही कमी हसले नाहीत. एकदा तू चांगला मांडीएवढा कटला ओल्या हातांनी धरून परत पाण्यात उतरवलास, तो शेपटी हलवेपर्यंत त्याला तसाच तोलून धरलास, आणि काठावरचा म्हातारा कपाळावर हात मारून म्हणाला, “सावकार, वेडे हाव का तुम्ही?” तू वर पाहून म्हणालास, “हाव.” तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. अख्ख्या आठवड्यात तेवढाच एक दिवस तू भाव, वजन, गिऱ्हाईक सगळं विसरून मोकळा हसायचास.

गेल्या उन्हाळ्यापासून तू काठीच्या टोकाला घुंगरू बांधायला लागलास. मासा लागला की वाजतं, दोरीवरच्या तरंग्याकडे टक लावून बसायला नको, असं म्हणालास. मला ती युक्ती इतकी पसंत पडली की मीही नांदेडच्या बाजारातून एक घेऊन आलो. तुला तरंगा दिसेनासा झाला आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी तुला लोह्याच्या स्टँडवर भेटायचो, तू गाडी घेऊन यायचास, दिवसभर शेजारी बसायचो. एवढ्या जवळून मला कळलं नाही, मग घरी तरी कुणाला कसं कळावं? तू लपवण्यात पटाईत. वर्तमानपत्र उघडून बसायचं आणि बातमी दुसऱ्याला विचारायची, ही तुझी जुनी खोड आहे असंच मी समजत होतो.

आपण शेवटचे पाण्यावर गेलो त्या दिवशी मात्र कळलं. दुपारी वहिनींचा डबा सोडला. तू हातपाय धुऊन आलास, जेवणाआधी विभूती लावायला पिशवीतली डबी काढलीस. स्टीलच्या दोन डब्या, एकीत विभूती, दुसरीत तांदळाचं पीठ, फुटाण्याचं पीठ आणि हिंग घालून आपण मळलेले गळाचे गोळे. तू दुसरी उघडलीस. गोळ्यावर तीन बोटं फिरवलीस आणि डोळे मिटून कपाळावर ओढलीस. मला वाटलं माझी थट्टा चालली आहे, म्हणून मी खो खो हसलो. तू शांतपणे म्हणालास, “मास्तर, ह्या बारीची ईभूत लई चिकट निघाली बघ.” माझं हसू तिथंच आटलं. देवाच्या बाबतीत तू थट्टा करत नाहीस. कपाळाला पीठ चिकटलेलं, हिंगाचा वास सुटलेला, आणि तू छातीवरचं लिंग तळहातावर घेऊन नमस्कार करत होतास. मी तुझी पूजा होऊ दिली. मग ओला रुमाल दिला आणि घाम पुसून घे म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

जेवण झालं आणि घुंगरू वाजलं. काठी वाकून पार पाण्याला टेकली. तू उठून धावलास. पुढे दगड संपतो हे मला दिसत होतं. मी ओरडलो, “थांब!” पण तू मोकळ्या हवेत पाय टाकलास. कमरेपर्यंत पाण्यात गेलास, खाली गाळ, आणि धरायला काहीच नाही. तुझी कॉलर माझ्या हाती लागली नसती तर, ह्याच्या पुढचं मला लिहवत नाही. काठी गेली, मासा गेला. तू काठावर बसून धापा टाकत म्हणालास, “शेवाळ होतं रे.” संग्या, तो दगड कोरडा होता.

तिथून आपण ऊन उतरता उतरता निघालो. मी म्हणालो, लोह्यात ड्रायव्हर बघू. तू भडकलास. “ड्रायव्हर घरी सोडायला आला म्हंजे सुकन्या इचारणार न्हाई का? बस गुमान.” मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, ह्याचा एवढा पश्चात्ताप मला आयुष्यात झाला नव्हता. तरी मी लोह्याला उतरलो नाही, गाडीतच बसून राहिलो. माळाकोळी सोडली आणि अंधारायला लागलं. पुढे उसाची ट्रॉली चालली होती, मागे दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. मला वाटलं आता वेग कमी करशील, आता करशील. तू करेनास. मी स्टिअरिंग ओढलं तेव्हा उसाची पाचटं माझ्या बाजूच्या काचेवरून घासत गेली. आपण शेतात जाऊन थांबलो. तू इंजिन बंद केलंस. मग एवढंच म्हणालास, “मास्तर, तू सांगत ऱ्हा. मी चालवतो.”

आणि मी सांगत राहिलो. समोर ट्रक आहे, डावीकडे घे. माणूस चालला आहे, हळू. अहमदपूरचा चौक आला, थांब. चाकूर गेलं. समोरून दिवे आले की तुला काहीच दिसत नव्हतं. तेव्हा तू गाडी जवळपास उभी करायचास आणि मी ‘गेला, चल’ म्हणेपर्यंत श्वास रोखून बसायचास. वाटेत कितीदा तुला म्हणालो, गाडी लाव, एस.टी.ने जाऊ. तू ऐकलं नाहीस. मी भित्रा माणूस आहे हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. एक शब्द चुकला तरी कुणाचा तरी जीव जाणार होता, आपला किंवा रस्त्यावरच्या कुणाचा.

तुझ्या दारात गाडी थांबली. वहिनींनी ओट्यावरचा दिवा लावला. तू उतरण्याआधी सदऱ्यात हात घालून लिंगाची डबी मुठीत धरलीस आणि म्हणालास, “उद्या तुझ्या त्या नांदेडच्या डॉक्टरकडं येतो. पन माझ्या लिंगाची आन हाय तुला. माझ्या घरात तुझ्या तोंडून एक शब्द निघायचा न्हाई.” मी बरं म्हणालो. निदान डोळे तरी दाखवशील, म्हणून सौदा केला. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “अय्यो, भाऊजी, तुम्ही इकडं कसे?” मी म्हणालो, तुमच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण झाली. त्यांनी खरंच तेवढ्या रात्री शेंगोळ्या केल्या. मी मान खाली घालून ताट संपवलं.

डॉक्टर काय म्हणाले ते तू विसरला नसशील, पण मी पुन्हा लिहितो. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले आहेत. डावा बराच गेला आहे. उजवा वाचवता येईल, पण इंजेक्शनं ताबडतोब सुरू करायला हवीत. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. गाडीला हात लावायचा नाही. तू सगळ्याला मान डोलावलीस, आणि बाहेर बाकड्यावर बसून मला तुझ्या वडिलांचं, अप्पांचं सांगितलंस. भीमाशंकर अप्पांची दृष्टी गेली तेव्हा त्यांना दुकानाच्या गादीवरून उठवून घराच्या ओट्यावर बसवलं. तुझ्या आई पार्वतम्मा ताटात भाजी कुठं, चटणी कुठं ते हात धरून दाखवायच्या. अप्पा जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत. “मला तसं न्हाई बसायचं, मास्तर,” म्हणालास. मी तुझा हात दाबला. काय बोलणार?

पण मी आता बोलतो. अप्पांच्या वेळी औषध नव्हतं म्हणून ते ओट्यावर बसले. तुझ्यासाठी आहे, तरी तू स्वतःच्या पायांनी त्या ओट्याकडे चालला आहेस. इंजेक्शनाच्या दिवशी मी दवाखान्याच्या दारात तुझी वाट पाहत उभा होतो, तू आला नाहीस. म्हणजे सौद्यातला तुझा अर्धा हिस्सा तू मोडलास. माझा मी मोडला तर देव मला काही करणार नाही, असं माझं मन म्हणतं. पण तू लिंग मुठीत धरलं होतंस, आणि मी तुझ्यासमोर मान हलवली होती. तोंडातून शब्द काढवेना. तुझ्या पाठीमागे वहिनींना फोन करून सांगणं तर त्याहून वाईट. ते चहाडीसारखं झालं असतं. जे कानावर पडायचं ते तू समोर असताना पडायला हवं.

म्हणून कागदावर लिहिलं. हे पत्र तू वाचत नाहीस, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. फोनवरची अक्षरं बोटांनी मोठी करून घेता येतात, शाईची येत नाहीत. दुपारी जेवायला घरी आला असशील, पत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं असशील आणि म्हणाला असशील, “चष्मा दुकानात ऱ्हायला, बघ गं काय लिव्हलंय ह्या मास्तरनं.” डोळ्यांचं नाव आलं तिथंच तू बस कर म्हणून ओरडला असशील. वहिनी थांबल्या नसतील, त्यांना मी ओळखतो. माझ्या तोंडून एकही शब्द निघालेला नाही, संग्या, तुझी आन शाबूत आहे. वहिनी, माझ्यावर रागवायचं ते नंतर रागवा. आधी गाडीची किल्ली तुमच्याकडे घ्या. रविवारी मीच लातूरला येतो, आणि सोमवारी आपण तिघं बसनं नांदेडला जाऊ, डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे. आता एवढं एक वाक्य सावकाश, त्याच्याकडे बघत वाचा, कारण मला ते त्याच्यासमोर कधी म्हणता येणार नाही: मला तू हवा आहेस, आंधळासुद्धा चालशील, पण हवा आहेस.

तुझाच,
आलोक