एक जूनचे दोनशे बारा वाढदिवस

नाशिक
१२ जून २००६

ती. लंकाआत्यास,
सोमाचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? नामपूरच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल तू लावतेस, की मागच्यासारखं देव्हाऱ्याच्या खाली ठेवून दिलंयस? कांदा चाळीत गेला असेलच. इकडे सगळे ठीक. मोहिनीची सर्दी गेली आणि आमच्या धाकट्या बंधुराजांना, रविराजला, संगणक झाला. (पत्रात तुला 'तुम्ही' लिहायला घेतलं होतं, पण ते वाचून तुला वाटलं असतं की अजून काहीतरी मनात आहे. म्हणून पहिला कागद फाडला.) तीन वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही आणि तूही काही कळवलं नाहीस. मग गेल्या आठवड्यात मनोजचा फोन आला. म्हणाला, "सोमादादा, तुमचा मेसेज वाचून दाखवला. आई लई खूश शे. तीन दिवस झाले, येईल त्याला सांगते, सोमाने आठवण ठेवली." मी "हो, हो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दोन 'हो'मुळे मला तेव्हापासून चैन नाही. त्यांचं काय ते या पत्रात सांगणारच आहे. पण आधी पंधरा तारखेची भानगड सांगतो, कारण ते सगळं तिथूनच सुरू झालं.

समोरच्या रांगेतल्या, आपल्यासारख्याच फवारणी-पंपवाल्याने संगणकावर गिऱ्हाईकांची माहिती ठेवायला सुरुवात केली आहे. तेव्हापासून रविराजला झोप नाही. या प्रकाराला ग्राहक संबंध व्यवस्थापन म्हणतात. गिऱ्हाईक कोण, कुठलं, मागच्या खेपेला काय नेलं, पुन्हा कधी येईल, त्याच्याशी काय बोलायचं, हे सगळं म्हणे यंत्र लक्षात ठेवतं. रविराजने मला हे तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "म्हणजे आत्याच की." तो म्हणाला, "दादा, आत्याचा बॅकअप घेता येत नाही." (तो हे प्रेमानेच म्हणाला. मी दोनदा विचार करून बघितलं, प्रेमानेच.)

तर दोन सॉफ्टवेअरं पंधरा पंधरा दिवस वापरून बघायला मिळाली आणि त्यातलं एक पंधरा तारखेच्या आत निवडायचं आहे. एक कॉलेज रोडच्या दोन पोरांनी बनवलेलं 'ग्राहकसेतू'. दुसरं पुण्याचं 'संपर्क गोल्ड'. ते घेऊन तृप्ती नावाची एक हुशार मुलगी आली होती. 'ग्राहकसेतू' दिसायला गरीब आहे आणि दिवसातून दोनदा बंद पडतं, पण त्यात प्रत्येक नावाखाली 'शेरा' असा चौकोन आहे आणि तो लिहाल तितका वाढतो. 'संपर्क गोल्ड' देखणं. त्यात शेरा लिहायची सोयच नाही. त्यात गिऱ्हाईक गरम, कोमट की थंड, एवढं निवडायचं असतं. दिंडोरीचे रंगनाथ पहिल्या पंपापासून आपल्याकडे आहेत, पण गेली दोन वर्षं नुसते चहा पिऊन जातात. त्यांचं तापमान काय लावायचं म्हणून मी बराच वेळ बसून राहिलो. तृप्ती म्हणाली, "काका, थंड. असे थंड खूप निघतात, आपण त्यांना नंतर काढून टाकतो." मी तिला सांगितलं की त्यांचं तुम्ही कोमटच ठेवा, मी जबाबदार. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

माहिती भरायची म्हणून माळ्यावरून माझ्या डायऱ्या काढल्या. एक्याण्णवपासूनच्या पंधरा. मला वाटायचं, मी त्यात माझ्याबद्दल लिहीत आलो. तर पानोपानी तूच निघालीस. 'आत्या म्हणते, निफाडवाल्यांना बिनसाखरेचा चहा द्यायचा आणि भावाचा विषय काढायचा नाही.' 'आत्याने हरसूलच्या भागीबाईला सोळा लिटरचा पंप विकला नाही. बारा लिटरचाच दिला. फवारणी नवरा नाही, ही करते आणि हिची पाठ बाळंतपणापासून दुखते, हे आत्याला ठाऊक. मला ठाऊक नव्हतं.' गिऱ्हाईक पंप काउंटरवर ठेवायचं, तू आधी घरचं विचारायचीस आणि पंपाचं दुखणं आपोआप त्यातून बाहेर पडायचं. वॉशर तू दोऱ्यात ओवून गळ्यातल्या माळेसारखे खिळ्याला अडकवायचीस. तो खिळा अजून आहे. दुपारी दीड वाजता दिंडोरीची गाडी आली की दुकानात डब्यांचा वास सुटायचा, कारण लोक आपली भाकरी सोडायला हॉटेलात जात नसत, तुझ्यासमोरच्या बाकावर बसत. तो बाक मी काढला. तिथे आता संगणक आहे.

आणि मग २००३ ची डायरी उघडली. तुला तो दिवस आठवत असणार. कंपनीचे साहेब आले होते, सूट घातलेले, आणि तू रंगनाथांशी त्यांच्या मुलीच्या स्थळाबद्दल बोलत होतीस. चाळीस मिनिटं. (मी घड्याळ बघत होतो, हीच माझी लायकी.) मग मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आत्या, हे दुकान आहे, ओटा नाही." आठवड्याने तू गुडघ्यांचं कारण सांगून मनोजकडे गेलीस. तू गेलीस त्या दिवशीच्या पानावर मी काय लिहिलंय माहीत आहे? 'दुकानात गर्दी. आत्याचे गुडघे दुखतात.' पंधरा वर्षांत मी डायरीत एकदाच खोटं लिहिलं आणि तेही अशा वहीत, जी दुसरं कोणी वाचत नाही.

असो. १ जूनवर येतो. पंपाच्या सरकारी अनुदानासाठी लोकांनी दाखल्यांच्या प्रती दिल्या होत्या, त्यावरून रविराजने जन्मतारखा भरल्या. मास्तरांनी शाळेत घालताना ज्याची तारीख कोणाला ठाऊक नव्हती त्याला एक जून लावली, हे तुला मला माहीत. रविराजला पुण्यात शिकून ते विसरायला झालं. 'संपर्क गोल्ड' तर आपल्या तालुक्यात कधी आलंच नव्हतं. सकाळी आठ वाजता त्याने आपणहून दोनशे बारा लोकांना मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. दिंडोरीत अकरा जण एकाच टपरीवर चहा घेत होते. म्हणे पहिल्याने मेसेज अभिमानाने दाखवला, दुसऱ्याने त्याहून अभिमानाने, तिसऱ्याने फोन खिशात ठेवला. दुपारी ते अकराच्या अकरा जीप करून दुकानात. "सोमाशेठ, केक एकच आणा, पण मोठा आणा." त्यातल्या एकाने विचारलं, आमच्या गावाला एका दिवसात इतकी पोरं झाली, तर सुईण किती दमली असेल? मी अकरा चहा मागवले. रविराज पार्ट मोजायला म्हणून गोदामात गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही.

सगळे निघाल्यावर रंगनाथ मागे राहिले. म्हणाले, "थट्टा सोड. पासष्ट वर्षांत आमचा वाढदिवस हाय म्हणून कुणी बोललं नव्हतं. बाईंनी पाठवला ना? आत हायेत का बाई?" मी म्हणालो, बाई नामपूरला असतात. ते जिथे बाक होता तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा झाला, निघतो," आणि गेले. तिसऱ्या दिवशी भागीबाई तोच बारा लिटरचा पंप घेऊन वॉशर बदलायला आली. मेसेज तिच्या मुलाच्या फोनवर आला होता. ती काउंटरला टेकून म्हणाली, "हा बाईचा निरोप नाय. बाईला ठावं हाय, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाले." मी ९७ ची डायरी काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंय: 'आत्याने भागीबाईला नारळ दिला. का ते कळलं नाही.' मला कळायला नऊ वर्षं आणि दोन सॉफ्टवेअरं लागली.

तेव्हा मी 'ग्राहकसेतू' घ्यायचं ठरवलंय. ते आपणहून काही करत नाही आणि त्याच्या शेऱ्याचा चौकोन वाढतो. रविराज नाराज आहे, पण १ जूनमुळे फार बोलत नाही. गुडघ्यांना जप. मोहिनी आणि मुलं तुला नमस्कार सांगतात.

तुझा,
सोमा

ता. क. १: शेऱ्याचे साडेतीनशे चौकोन रिकामे आहेत. डायऱ्यांतून चाळीसेक भरले, पुढे मला काही येत नाही. ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीआधी महिनाभर येशील का? टाइप मी करीन, तू फक्त सांग. बाक सुताराकडे दुरुस्तीला दिला आहे. संगणक गोदामात जाईल.

ता. क. २: आता ते दोन 'हो'. यंत्र चालतं का ते बघायला नमुना म्हणून पहिलं नाव मी तुझंच घातलं होतं. बँकेच्या जुन्या कागदावर तुझी तारीखही एक जूनच. तेव्हा तुला आलेल्या शुभेच्छा दोनशे बारांतल्या एक होत्या. मी आठवण ठेवली नव्हती. तुझा खरा वाढदिवस कधी असतो हे मला माहीत नाही, हे पंचेचाळिसाव्या वर्षी लिहिताना लाज वाटते. तेवढं कळव. पोळा, पंचमी, कोणाच्या लग्नाआधी, जसं तुला आठवत असेल तसं.

ता. क. ३: मनोजने तुला मेसेज अर्धाच वाचून दाखवला, हे त्याच्याशी बोलताना लक्षात आलं. पुढचं त्याला जाहिरात वाटलं. ज्यांच्या नावापुढे खरेदी नसते त्यांना यंत्र आणखी दोन ओळी जोडतं. तुझ्या मेसेजात त्या होत्या, मी तपासून घेतलं: 'आपण बऱ्याच दिवसांत दुकानात आला नाहीत. आमचं काही चुकलं असल्यास क्षमा असावी.' हे मी लिहिलेलं नाही, पुण्याच्या कोणीतरी लिहिलंय आणि ते आम्हा दोघांनाही माहीत नसताना गेलं. पण पहिला अर्धा यंत्राचा धर आणि हा माझा धर.