दादा, तो डाग चिखलाचा नव्हता

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा अर्धाच समजावा). तुझा खोकला, वहिनीची शुगर आणि तुझा राग आटोक्यात असतील अशी आशा करते. माझ्याकडे सुट्टीला आलेली तुझी नात मजेत आहे, माझं डोकं खाते आहे.

तर, तुझा अर्ज पोचला. दीपगृहवाल्याच्या चार मुलींचा आपला लाडका सिनेमा पुन्हा काढताहेत, आणि तिसऱ्या मुलीच्या कामाला खरोखरची काळी मुलगी घेताहेत, म्हणून तू बिल्डिंगभर फिरून चाळीस सह्या गोळा केल्यास आणि एक्केचाळिसावी जागा माझ्यासाठी राखलीस. मी सही करणार नाही. अर्जात तू लिहितोस की मूळ नटीचा तो मोहक, नैसर्गिक सावळा रंग आता कुठे सापडायचा! नैसर्गिक? अरे, ती बाई चुन्यासारखी गोरी होती. मी मेकअप खात्यात होते एवढंच तुला ठाऊक. पण टायपिंगच्या परीक्षेला जाते असं सांगून मी तिथे गेले होते ती तिसऱ्या मुलीचं काम मागायला. दिग्दर्शकांनी मला दिव्याखाली उभं केलं आणि म्हणाले, काळा चेहरा पडद्यावर उठत नाही. मग गोरी घेतली, आणि तिला काळी करायला माणूस हवं म्हणून मला ठेवलं (काळं चालत नव्हतं, काळं केलेलं चालत होतं!). रंगाची छटा काही केल्या जमेना, तेव्हा मेकअपदादांनी माझा हात वाटीशेजारी धरला. तीन महिने रोज सकाळी मी बाही वर करून माझाच रंग कालवला. कुठे बोलायचं नाही अशी शपथ घातली होती. घालणारे आता गेले, तेव्हा शपथही सुटली.

सिनेमाच्या शेवटी बाप तिसरीचे डोळे पुसतो ना, त्याचे आठ टेक झाले, कारण पुसलं की गाल गोरा. आठव्याला रंग त्याच्या पांढऱ्या बाहीला लागला आणि तसाच राहिला. तू अकरा वेळा तिथेच रडलास आणि बाहेर येऊन म्हणालास, बाहीवरचा समुद्राचा चिखलसुद्धा दाखवलाय, काय बारकावा! चिखल कसला, दादा. ती मी होते.

परवा नव्या मुलीच्या चाचणीला मला मुद्दाम बोलावलं. मी तिला घाम टिपण्यापुरती पावडर लावली. ती खरी रडली, मी खरे डोळे पुसले, रुमाल पांढराच राहिला. असला चेहरा बघवणार नाही असं तुझ्या अर्जात आहे. मला तर डोळे भरून बघवला, आणि बेचाळीस वर्षांचा सल त्या दिवशी निघाला.

तुझी,
धाकटी

ता. क. अर्ज परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी किराण्याची यादी केली. माफी मागत नाही.

ता. क. २ सोबतचा दुसरा कागद त्या नव्या मुलीचं करारपत्र आहे. मुलगी सोळाची, तेव्हा पालकाची सही लागते. तिचे आईबाप दूर नोकरीला, त्यामुळे शाळेच्या कागदांवर पालक म्हणून तूच आहेस. खूण केली आहे तिथे सही कर. काल तिने मला विचारलं, "त्या अर्जावर पहिली सही आजोबांची आहे का?" मी नाही म्हटलं. आता माझं खोटं निस्तर.

रडू आलं तर खुशाल रड. या वेळी बाहीला काही लागणार नाही.