लाल दिव्यावरची चिकटपट्टी

४ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. शिस्त हवी.

ताईचं घशाचं ऑपरेशन एकवीसला. स्वरयंत्रच काढणार, नंतर बोलता येणार नाही. पण एक कंपनी आहे. आधी वाक्यं वाचून पाठवली की त्यावरून आवाज बनवून देते. मग ताई फोनवर टाइप करणार आणि फोन तिच्या आवाजात बोलणार. बसस्टँडवर घोषणा करणारी माझी ताई, अर्धं शहर तिच्या आवाजावर बस पकडतं. रेकॉर्डिंग हॉस्पिटलवाले करून देत होते. मी नको म्हटलं. घरात मी असताना बाहेर कशाला?

५ जून
माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणला. त्याला बारा माइक जोडता येतात. बोलणारी एकटी ताई, पण ऐन वेळी कमी पडायला नको. तिचा माइक मिक्सरला, मिक्सरची वायर इंटरफेसला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीला. प्रत्येक वाक्य कसं वाचायचं हे मी आधी वाचून दाखवणार. माझा माइक थेट डबीत. माझ्या आवाजाला कशाला हवाय मिक्सर? चांगलं ते ताईला.

७ जून
ताई बोलली की डबीवर लाल दिवा लागतो. मी बोललो की हिरवा. मिक्सरवर मात्र कायम हिरवा. दोघांत महाग मिक्सर, म्हणजे खरा तोच.

ताईचं सगळं लक्ष त्या लाल दिव्याकडे. कसला आहे, म्हणाली. चालू असल्याचा, म्हटलं. शेवटी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता शांत वाटतं.

९ जून
मिक्सरच्या दुकानदाराला सहज फोन केला. म्हणाला, मिक्सरमधून आवाज आधीच मोठा होऊन येतो, तो माइकच्या सॉकेटात घातला तर डबी आणखी मोठा करते, मग लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. मागे लाइनचं सॉकेट आहे, त्यात घाला आणि दोन्हीकडची लेव्हल जुळवा. त्यासाठी वेगळी वायर लागेल म्हणे. आलं लक्षात. वायर खपवायचीय. मी काय काल जन्मलो?

१० जून
हिने रेकॉर्डिंग ऐकलं. ताईचा आवाज फाटतोय, म्हणाली. मी कॉम्प्युटरवर आवाज निम्मा केला. आता हळू फाटतोय, म्हणाली. हिला कशातच चांगलं दिसत नाही. हेडफोन मिक्सरला लावून मी स्वतः ऐकतो ना, एकदम स्वच्छ. कॉम्प्युटरचा स्पीकर जुना झालाय, बाकी काही नाही.

१२ जून
ताईचा आवाज बसत चाललाय. डॉक्टर म्हणतात, कमी बोला. म्हणून मी फक्त पहिली पन्नासेक वाक्यंच पुन्हा घेतली. पाणी दे. दार लाव. मला भीती वाटते. हे शेवटचं तिने इतकं खरं वाचलं की मला दिव्याकडे बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

नंतर म्हणाली, साधं मोबाइलवर करूया का रे? मी रागावलो नाही. फक्त जेवलो नाही.

१५ जून
पट्टीच्या कडेने लाल दिसतं. दुसरी पट्टी लावली. उद्या ती वायर आणायची, नुसती खात्री म्हणून. पक्कं.

१६ जून
दुकान बंद असेल. गेलो नाही.

१८ जून
शेवटची वाक्यं. ताई आता जवळजवळ कुजबुजतेच, म्हणून मिक्सरचा आवाज आणखी वाढवला. मध्येच थांबली आणि विचारलं, नीट येतंय ना रे? झकास, म्हटलं. दिव्यावर तिसरी पट्टी लावली. उकाड्याने पट्ट्या सुटतात.

सगळं रेकॉर्डिंग, काही न कापता, कंपनीला पाठवलं. सुटलो.

२० जून
ताई अॅडमिट. बोलायला पूर्ण बंदी.

कंपनीचा ईमेल. बरीच वाक्यं अस्पष्ट आहेत, पुन्हा रेकॉर्ड करा, नाहीतर फक्त स्पष्ट वाक्यांवरून आवाज बनवू. खाली दोन बटणं. पुन्हा कुठून करणार? दुसरं दाबलं. स्पष्ट तेवढंच घेतील, उलट चांगलंच झालं. हिला सांगितलं नाही. उगाच टेन्शन घेते.

२१ जून
ऑपरेशन व्यवस्थित. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी कुठे काळजी करत होतो? रात्रभर झोप नाही ती बाकड्यामुळे.

३ जुलै
आवाज आला. मीच ताईच्या फोनवर चढवला. आधी ऐकून बघ, ही म्हणाली. म्हटलं, पहिला मान ताईचा.

ताई उशीला टेकून बसली होती, गळ्याला बँडेज. भाची तिच्या पायाशी. ताईने टाइप केलं. फोन म्हणाला, सगळे आलात का?

भाची माझ्यावर वैतागली. मामा, तू मध्ये बोलू नकोस, आईला बोलू दे.

मी बोललो नव्हतो. असं वाच, असं वाच म्हणत मी वाचून दाखवलेली ती सगळी वाक्यं कंपनीला स्पष्ट ऐकू आली होती.

ताईने एकेक अक्षर दाबत टाइप केलं. हा तर तू आहेस.

तेही माझ्याच आवाजात ऐकलं. कुठे फाटला नाही, खरखर नाही. लेव्हल अगदी बरोबर होती.